नाताळचें पुडिंग

परदेशांतील सणांचीं पक्वान्नें घरीं करून पाहण्याची हौस आपल्या सुशिक्षित कुटुंबांत आतां नवी राहिलेली नाहीं. केक तर इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो एके काळीं परका होता याची आठवणहि कोणास होत नाहीं. परंतु इंग्लंडांत नाताळच्या मुख्य जेवणाची सांगता परंपरेनें केकनें होत नाहीं; ती होते पुडिंगानें. आणि हें पुडिंग भट्टींत भाजलेलें नसतें, तर आपल्या मोदकांप्रमाणें वाफेवर शिजविलेलें असतें. ज्यांच्या घरीं मोदकपात्र आहे, त्यांस या पक्वान्नाचें अर्धें तंत्र आधींच अवगत आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

असें असतांहि आपल्यापैकीं अनेक घरांचें दार त्यास बंद राहिलें, याचें कारण उघड आहे. त्याच्या जुन्या कृतींत लोण्यातुपाऐवजीं ‘सूएट’ म्हणजे बैलाच्या किंवा मेंढ्याच्या मूत्रपिंडाभोंवतालची टणक चरबी असते. शिवाय अंडीं आणि ब्रँडी आहेतच. हे तिन्ही जिन्नस वर्ज्य मानणाऱ्या घरांत या पक्वान्नाचें नांव काढणेंहि कठीण. मग प्रश्न असा येतो कीं, ते वगळून जें उरेल त्यास नाताळचें पुडिंग म्हणावें, कीं तें केवळ नांवाचें सोंग होईल? ज्यांचीं मुलें-नातवंडें इंग्लंडांत राहतात, त्यांच्यापुढें हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. डिसेंबर आला कीं शाळेंत, कचेरींत अगर शेजाऱ्यांच्या घरीं हें पुडिंग पुढें येण्याचा संभव असतो. तें घ्यावें कीं न घ्यावें, आणि घरीं करावें तर कसें, याचा निर्णय करावा लागतो. त्यासाठीं प्रथम या पदार्थाचा कुलवृत्तांत पाहूं.

कुलवृत्तांत

या पुडिंगास ‘प्लम पुडिंग’ असेंहि एक नांव आहे. परंतु प्लम म्हणजे आलुबुखार त्यांत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. जुन्या इंग्रजींत मनुका-बेदाण्यांसहि ‘प्लम’ म्हणत, त्यावरून हें नांव पडलें. मुळांत हा पदार्थ गोड पक्वान्नहि नव्हता. मांसाच्या रश्शांत पावाचा चुरा, सुकीं फळें व मसाले घालून दाट केलेली ती एक पेज होती. हॅना ग्लास या लेखिकेच्या १७४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाकपुस्तकांत नाताळसाठीं करावयाच्या अशा पेजेची कृति आहे, आणि तिच्यांत गोमांसाचा रस्साच आहे.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह चालू होता. सतराव्या शतकापासून पुडिंग उकडण्यासाठीं जनावराच्या आंतड्याऐवजीं सुती फडकें वापरण्याची चाल पडली. ओल्या फडक्यावर पीठ भुरभुरावें, त्यांत कालवलेला गोळा बांधावा आणि उकळत्या पाण्यांत तासन् तास सोडावा, अशी ती रीत. घरांत भट्टी नसली तरी चूल आणि मोठें भांडें असलें म्हणजे झालें. यामुळें हें पक्वान्न गरिबाच्या घरींहि होऊं शकलें. चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या कथेंत क्रॅचिट नांवाच्या गरीब कारकुनाच्या घरचें पुडिंग कपडे उकळण्याच्या हंड्यांत शिजतें, तें याच रीतीनें. पुढें दोनच वर्षांनीं, १८४५ सालीं, एलायझा ॲक्टन यांच्या पाकपुस्तकांत ‘ख्रिसमस पुडिंग’ या नांवाची कृति आली. हें नांव छापील पुस्तकांत रूढ करण्याचें श्रेय सामान्यतः त्यांसच देतात. तोंपर्यंत पेजेंतील मांस गळून गेलें होतें. त्याची खूण म्हणून चरबी तेवढी मागें राहिली होती. त्यानंतर फडकेंहि मागें पडून चिनी मातीचें वाडगें आलें, आणि तोफेच्या गोळ्यासारखें वाटोळें पुडिंग घुमटाच्या आकाराचें झालें.

या घुमटाखालीं एक मोठें साम्राज्यहि दडलें होतें. पुडिंगांतील साखर इंग्लंडांत स्वस्त झाली ती वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमावर. पुढें १९२६ सालीं स्थापन झालेल्या ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ या सरकारी मंडळानें, साम्राज्यांतील मालाचा खप वाढावा म्हणून, १९२७ सालीं राजाच्या मुदपाकखान्यांतील पुडिंगाची कृति प्रसिद्ध केली. बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, मनुका दक्षिण आफ्रिकेच्या, दालचिनी सिलोनची, लवंग झांजिबारची, रम जमेकाची, अशी ती यादी होती. हिंदुस्थानच्या वांट्यास मसाला आला होता. तें मंडळ १९३३ सालीं बंद झालें आणि साम्राज्यहि गेलें. जायफळ-लवंगा मात्र पुडिंगांत राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धांत तर या पदार्थाची खरी कसोटी लागली. जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्यें लोणी व साखर यांचें नियंत्रित वांटप सुरू झालें. पुढें इतर अनेक जिन्नस त्यांत आले, आणि वांटपाची ही पद्धति पूर्णपणें संपावयास १९५४ साल उजाडावें लागलें. त्या दिवसांत गृहिणींनीं किसलेलें गाजर घालून गोडी आणि ओलावा साधला, एकदोन मुठी सुक्या फळांवर भागविलें, आणि त्या पदार्थास नाताळचें पुडिंगच म्हटलें. तें सोंग आहे असें कोणी म्हटलें नाहीं.

सूएटची गोष्टहि अशीच. १८९३ सालीं मँचेस्टर येथें ‘अटोरा’ या नांवानें तयार किसलेली चरबी विकण्यास आरंभ झाला. आज त्याच नांवाखालीं वनस्पतिजन्य तेलांपासून केलेली सूएटहि मिळते, आणि तीवर केलेलीं पुडिंगें इंग्लंडांतील दुकानांत सर्रास असतात. तेव्हां मूळ प्रश्नाचें आमचें उत्तर हें कीं, ज्या पदार्थानें मांस सोडलें, फडकें सोडलें आणि प्रसंगीं साखरहि सोडली, त्याचा प्राण चरबींत नव्हता. सुकीं फळें, उष्ण मसाले, दीर्घकाळ मंद वाफ आणि घरांतील सर्वांचा हात, या चार गोष्टींत तो आहे. त्या सांभाळल्या तर शाकाहारी घरांतील पुडिंगासहि तें नांव शोभतें.

वाफेचें काम

चरबी घालण्यांत केवळ रूढि नव्हती, त्यांत एक युक्ति होती. ती समजून घेतली तरच तिच्या जागीं काय घालावें हें कळेल. सूएट सुमारें ४५ ते ५० अंश सेल्सिअस उष्णतेस वितळते. त्यामुळें पिठाचा गोळा तापूं लागला तरी तिचे कण कांहीं वेळ घट्ट राहतात, आणि मग वितळून बारीक पोकळ्या ठेवून जातात. पुडिंग जड असूनहि दडदडीत होत नाहीं, तें यामुळें. लोणी याहून बरेंच आधीं वितळतें. म्हणून लोणी वापरावयाचें असल्यास तें शीतपेटींत दगडासारखें गोठवून किसावें आणि किसलेलें लगेच मैद्यांत घोळवावें. पातळ केलेलें तूप ओतल्यास हा गुण मिळत नाहीं.

दुसरी गोष्ट रंगाची. पुडिंग जवळजवळ काळें दिसतें, तें करपल्यामुळें नव्हे. वाफेची उष्णता १०० अंशांच्या आसपासच राहते, म्हणून करपण्याचें भय नसतें. परंतु साखर आणि प्रथिनें यांच्यांत जी क्रिया होऊन पदार्थ तांबूस होतो, ती या उष्णतेस फार सावकाश घडते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनीं १९१२ सालीं ही क्रिया वर्णिली. ती पुरी व्हावी म्हणूनच सहा-आठ तास वाफ द्यावयाची. दोन तासांत पुडिंग शिजेल, पण तें फिकें आणि अळणी मनाचें निघेल.

साहित्य (आठ माणसांसाठीं, सव्वा लिटरच्या वाडग्यास पुरेल इतकें)

बेदाणे ३०० ग्रॅम. बिया काढलेल्या काळ्या मनुका १५० ग्रॅम. संत्र्या-लिंबाच्या पाकांत मुरविलेल्या सालींचे तुकडे ५० ग्रॅम. बदामाचे काप ४० ग्रॅम. एक आंबट सफरचंद व एक लहान गाजर, दोन्हीं किसून. शिळ्या पावाचा चुरा १०० ग्रॅम. मैदा १०० ग्रॅम. गोठवून किसलेलें लोणी किंवा वनस्पतिजन्य सूएट १०० ग्रॅम. काळसर गूळ १५० ग्रॅम. दालचिनी, जायफळ, लवंग व सुंठ यांची मिळून दोन लहान चमचे पूड. ताजें दहीं अर्धी वाटी. दोन संत्र्यांचा रस व एकाची किसलेली साल. याखेरीज पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ.

ज्यांस अंडीं चालतात त्यांनीं दहीं व सोडा न घालतां दोन अंडीं फेसून घालावीं आणि मैदा ७५ ग्रॅमच घ्यावा. बेदाण्यांसाठीं दूर जावें लागत नाहीं. सांगली-तासगांवकडील चांगला बेदाणा या कामास उत्तम.

कृति

आदल्या रात्रीं बेदाणे, मनुका व साली संत्र्याच्या रसांत भिजत घालाव्या. जुन्या रीतीप्रमाणें येथें ब्रँडी किंवा काळी बीअर असते. रसानें फळें तितकींच फुगतात. सकाळीं गूळ बारीक चिरून दह्यांत विरघळवावा. मैदा, मसाला, मीठ व सोडा एकत्र चाळून त्यांत किसलेलें लोणी घोळवावें. मग पावाचा चुरा, सफरचंद, गाजर, बदाम, भिजलेलीं फळें रसासकट आणि शेवटीं गूळ-दहीं घालून कालवावें. मिश्रण चमच्यांतून धपकन् पडेल इतकें सैल असावें.

या कालवण्यास इंग्लंडांत एक दिवसच नेमलेला आहे. नाताळपूर्वींच्या ‘ॲडव्हेंट’ या व्रतकालाच्या आधींचा रविवार, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबर यांपैकीं जो येईल तो, ‘स्टर-अप संडे’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशींच्या प्रार्थनेचा आरंभ ढवळण्याचा अर्थ असलेल्या शब्दांनीं होतो. ती प्रार्थना १५४९ च्या प्रार्थनापुस्तकांतील; पुडिंग ढवळण्याशीं तिचा संबंध लोकांनीं गमतीनें जोडला. घरांतील लहानथोर प्रत्येकानें मनांत एक इच्छा धरून एकदां ढवळावयाचें, तेंहि पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण बाळ येशूच्या दर्शनास पूर्वेकडून ज्ञानी पुरुष आले होते. ख्रिस्त व त्याचे बारा शिष्य म्हणून जिन्नसहि तेरा घेण्याची चाल आहे. सोडा-मीठ सोडल्यास आणि चारहि मसाले मिळून एक धरल्यास वरील यादींतहि ते तेराच भरतात. पूर्वीं यांत चांदीचें नाणें घालीत, व ज्यास तें मिळे तो भाग्यवान ठरे. लहान मुलांच्या घशांत नाणें अडकण्याचें भय असल्यामुळें तें वाढतेवेळीं एखाद्या बशीखालीं ठेवावें हें बरें.

वाडग्यास आंतून लोणी लावून मिश्रण चेपून भरावें. वर दोन बोटें जागा ठेवावी. तोंडावर लोणी लावलेला कागद मध्यें एक चुणी घालून बसवावा, म्हणजे पुडिंग फुगण्यास वाव राहतो. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि कांठाखालीं दोऱ्याचा घट्ट फांस. त्याच दोऱ्याची वर कडी करून ठेवल्यास गरम वाडगें उचलण्यास सोपें जातें. मोठ्या पातेल्यांत पालथी बशी ठेवून तीवर वाडगें ठेवावें, निम्म्या उंचीपर्यंत उकळतें पाणी ओतावें आणि झांकण घालून मंद विस्तवावर सहा ते आठ तास वाफवावें. शिटी न लावतां कुकरहि चालतो. दर पाऊण तासानें पाणी पाहावें, आणि घालावयाचें तें उकळतेंच घालावें; थंड पाण्यानें वाफ मोडते. हें पाहण्याचें काम घरांतील माणसांनीं वांटून घ्यावें. एकाच व्यक्तीनें आठ तास चुलीपाशीं अडकून पडावें, असा या पदार्थाचा दंडक नाहीं.

थंड झाल्यावर कागद बदलावा. ब्रँडी घातलेलें पुडिंग इंग्लंडच्या थंड हवेंत महिनाभर मुरत ठेवतात. आपल्या हवेंत, आणि मद्याविना केलेल्या पुडिंगाच्या बाबतींत, तसें करूं नये. तें शीतपेटींत ठेवून तीनचार दिवसांत संपवावें. दोन दिवसांच्या मुरण्यानेंहि मसाल्याचा तीव्रपणा जाऊन चव एकजीव होते.

वाढणें

वाढण्याच्या दिवशीं पुन्हां दोन तास वाफ देऊन पुडिंग ताटांत उपडें करावें. वर हॉलीची डहाळी खोंचण्याची रीत आहे. तिचीं फळें विषारी असतात, म्हणून ती खोटी असलेली बरी. दिवे मालवून, गरम केलेली ब्रँडी पेटवून पुडिंगावर ओततात व निळसर ज्वाळांसकट तें मेजावर आणतात. त्या ज्वाळांत सर्व मद्य जळून जातें अशी पुष्कळांची समजूत आहे; ती बरोबर नाहीं. ज्वाळा विझल्यावरहि मद्याचा बराच अंश उरतो. ज्यांस मद्य वर्ज्य आहे त्यांनीं हा दिखावा सोडून द्यावा, आणि त्याच्या जागीं कापूर पेटविण्याची हौसहि करूं नये; काजळी सारी पुडिंगावर बसेल.

सोबत कस्टर्ड हवें. येथें शाकाहारी घरांस एक तयार सोय आहे. बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीस अंडीं सोसत नसत, म्हणून १८३७ सालीं त्यांनीं मक्याच्या पिठाचें बिनअंड्याचें कस्टर्ड शोधून काढलें. आपल्या फडताळांतील कस्टर्ड पावडर ती हीच. म्हणजे एका घरांतील पथ्यासाठीं केलेला बदल साऱ्या इंग्लंडानें स्वीकारला.

इंग्लंडांतील आमच्या वाचकांस एक व्यवहाराची सूचना. विकत घेतांना वेष्टनावरील ‘बीफ सूएट’ व ‘व्हेजिटेबल सूएट’ हे शब्द पाहून घ्यावे. शाकाहारी खूण असली तरी ब्रँडी, अंडीं व बदाम-अक्रोड असूं शकतात, तींहि तपासावीं. दुसऱ्याच्या घरीं पुडिंग पुढें आल्यास त्यांत काय आहे हें मोकळेपणानें विचारण्यांत अनादर नाहीं. पथ्यें सांभाळण्याची त्या लोकांस चांगली संवय आहे. आणि त्यांस आपल्या घरीं बोलावून वरील कृतीचें पुडिंग वाढलें, तर यजमान कोण व पाहुणा कोण हा भेद तेवढ्या वेळेपुरता तरी उरत नाहीं.