गोबरगॅसच्या नळीलाही थंडी वाजते



थंडीत लागणीच्या नोंदी घेत फिरताना घरोघरी तक्रार ऐकू येते, "साहेब, सकाळी गॅस भकभक करतो, चहासुद्धा होत नाही." दोष पुष्कळदा शेणाचा नसतो, नळीचा असतो.

संयंत्रातला गॅस वाफेने ओलसर असतो. गार नळीत वाफेचे पाणी होते, खोलगट जागी साचते आणि गॅसची वाट अडवते. म्हणून नळीला १०० फुटांस १ फूट उतार द्यावा. सर्वांत खालच्या जागी कॉक बसवून आठवड्याला पाणी काढावे; तेव्हा जवळ विडी-काडी नको. उघडी नळी शक्यतो मातीखाली घ्यावी. जोडांवर मात्र काही गुंडाळू नका, साबणाचे पाणी लावून गळती पाहता आली पाहिजे.

१० अंशांखाली शेणातले जिवाणू जवळजवळ थांबतात. तेव्हा पाचट जाळण्यापेक्षा शेणकाल्यात भिजवून संयंत्राभोवती कुजत घाला. ऊब मिळेल, खतही होईल.

ज्यांच्याकडे ए.सी. आहे, त्यांनी तांब्याच्या जाड नळीवरचे काळे रबरी आवरण पाहावे. फाटले की नळीला घाम सुटतो, भिंत ओली होते, वीज वाया जाते. कारखान्यात वाफेच्या नळीला आवरण असते ते उष्णता आत राहावी म्हणून; इथे ती बाहेर राहावी म्हणून.

घरच्या माउलीचा सकाळचा धूर वाचला, तर एवढी खटपट सार्थकी लागली म्हणायची.

– ऊस विकास अधिकारी