मूळ प्रत अभंग ठेवून

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालविता येतो. या दुसऱ्याला आभासी यंत्र म्हणतात. कल्पना जुनीच आहे, आय.बी.एम.च्या केंब्रिज येथील केंद्राने ती १९६० नंतरच्या दशकात मोठ्या यंत्रांवर उतरविली. आज ती घरच्या संगणकावरही चालते. या यंत्राची डिस्क म्हणजे खऱ्या यंत्रावरची एक मोठी फाइल होय.

आता प्रश्न असा, की संशयास्पद प्रोग्रॅम चालवून पाहावयाचा आहे, किंवा नवशिक्यांच्या हाती यंत्र द्यावयाचे आहे. मग मूळ डिस्क बिघडू न देता हे कसे साधावे? दर वेळी नक्कल करावी, तर वेळ आणि जागा दोन्ही खर्ची पडतात.

आपला व्यापारी काय करतो? पक्की वही पेटीत ठेवतो आणि खाडाखोड कच्च्या खर्ड्यावर करतो. येथेही तेच. मूळ फाइल केवळ वाचली जाते. एखादे पान बदलावयाचे झाले, की त्याची नक्कल खर्ड्यात उतरते आणि बदल तेथेच होतो. वाचताना आधी खर्डा पाहावयाचा. तेथे पान नसेल, तरच मूळ वही उघडावयाची. बदललेल्या पानांपुरतीच जागा लागते, हा यातला खरा लाभ.

फाब्रीस बेलार्द यांनी २००३ मध्ये आरंभिलेल्या 'क्यूएमू' या प्रोग्रॅममध्ये याचे दोन मार्ग आहेत. 'स्नॅपशॉट' हा पर्याय दिला, तर खर्डा तात्पुरता असतो. यंत्र बंद होताच तो नाहीसा होतो. 'क्यूकाऊ-२' जातीची वेगळी फाइल मूळ फाइलीवर आधारून केली, तर खर्डा टिकतो. त्याचे एकेक पान, वेगळे न सांगितल्यास, ६४ किलोबाइटांचे असते.

परंतु तीन गोष्टी ध्यानी धराव्यात. तात्पुरत्या खर्ड्यातले चांगले कामही त्याच्याबरोबर जाते. ते हवे असेल, तर यंत्र चालू असतानाच 'कमिट' आज्ञेने मूळ फाइलीत उतरवावे लागते. दुसरे, टिकाऊ खर्डा असता मूळ फाइलीला हात लावू नये. पानांचा मेळ तुटतो आणि खर्डा निरुपयोगी होतो. तिसरे सर्वांत महत्त्वाचे : हे संरक्षण डिस्कपुरतेच आहे. आभासी यंत्रातून जाळ्यावर गेलेले पत्र परत येत नाही, आणि सामायिक फोल्डरातून पुसलेली फाइलही नाही. म्हणून संशयित प्रोग्रॅम तपासताना आपण आधी जाळ्याची जोडणी तोडावी आणि मगच खर्डा उघडावा.