धुळीखालचा क्रमांक

जुनी वस्तू स्वस्तात मिळाली की आपण आधी तिचा रंग उजळावयास घेतो. माझ्या भाच्याने हेच केले. पुण्यात कित्येक वर्षे चिंचेखाली उभी असलेली एक 'सॅन स्टॉर्म' मोटार विकत घेऊन ती त्याने ट्रकवर घालून बऱ्हाणपुरास आणली.

ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. १९९८ पासून ती गोव्यात तयार होऊ लागली. इंजिन फ्रान्समधील रेनॉ कंपनीचे, ११४९ घन सेंटिमीटरचे, काया फायबरग्लासची. अशा गाड्या थोड्याच निघाल्या आणि पुढे उत्पादनही थांबले.

अंगणात गाडी धुतली, तेव्हा तांबडा रंग असा उजळला की शेजारीपाजारी जमले. "मामा, पाहिलंत? कुठे गंजाचा ठिपका नाही!" भाचा म्हणाला. परंतु फायबरग्लासला गंज चढत नाही. तो चढतो आतल्या पोलादी सांगाड्याला. शनवाऱ्याच्या मिस्त्रीने गाडी वर उचलली, तो गंजाचे पापुद्रे गळू लागले. चेसिस क्रमांक तर वाचताच येईना.

आता प्रश्न केवळ हौसेचा राहिला नाही. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची, तर नवी नोंदणी करावी लागते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरणही करावे लागते. क्रमांक कागदांशी जुळला नाही, तर भाच्याची बचत आणि बहिणीने अडीअडचणीसाठी जपलेली रक्कम अंगणातच अडकणार होती.

घासण्याच्या चक्रीने अंकच झिजतील, म्हणून मिस्त्रीने गंजात मुरणारे तेल लावले आणि दोन संध्याकाळी हलक्या हाताने ब्रश फिरविला. बहीण नोंदणीपुस्तक घेऊन शेजारी उभी होती. शेवटचा अंक जुळला, तेव्हा ती काही न बोलता आत गेली.

पुढे कुजके पेट्रोल काढणे, ब्रेकच्या नळ्या व तडकलेले टायर बदलणे यांत पाच महिने गेले. अशी गाडी घेऊ पाहणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वीच ती उचलून खालून पाहावी; चेसिस व इंजिन यांचे क्रमांक कागदांशी ताडावे; ना-हरकत प्रमाणपत्र मागावे आणि बँकेच्या कर्जाची नोंद उरली नाही ना, याची खात्री करावी. धुणेपुसणे सर्वांत शेवटी.

गाडी आता तापीच्या राजघाटापर्यंत जाऊन येते. बहीण अद्याप तीत बसलेली नाही. कागद मात्र तिच्याच कपाटात आहेत.