मुफ्ती इस्माईल : चार निवडणुका आणि १६२ मतं

एका मताची किंमत काय, हे मालेगाव मध्यचे आमदार मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांच्या निवडणुका पाहिल्या की कळतं.

२००९ मध्ये जनसुराज्य शक्ती पक्षाकडून त्यांनी काँग्रेसच्या शेख रशीद यांना हरवलं. २०१४ ला शेख रशीद यांचे पुत्र आसिफ शेख यांनी ती जागा परत घेतली. २०१९ ला मुफ्ती साहेब एमआयएमकडून उभे राहिले आणि ३८ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. २०२४ ला समोर पुन्हा आसिफ शेखच होते, पण या वेळी स्वतःचा नवा पक्ष घेऊन. मुफ्ती साहेबांना १,०९,६५३ मतं पडली, आसिफ शेख यांना १,०९,४९१. फरक फक्त १६२! त्या निवडणुकीत राज्यातला हा सर्वांत कमी फरक ठरला.

१६२ म्हणजे एका गल्लीतली मतं. कुणाला निवडायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आमचं सांगणं एवढंच, की घरातल्या अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुला-मुलींची नावं मतदार यादीत आहेत का, ते आजच बघा. नसतील तर नमुना ६ भरा, घर बदललं असेल तर नमुना ८. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन तक्रार केली तर त्याचा काही उपयोग होत नाही.