पॅडल एका घरचं, पिस्टन दुसऱ्या घरचा

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस ट्रकच्या क्लचवर काय बोलणार, असं काही चेहऱ्यांवर दिसतंय. पण अवयव आणि अवयवी यांचा वाद आपल्याकडे नैयायिक आणि बौद्धांनी शतकानुशतकं घातला. नागसेनानं मिलिंद राजाला समजावताना रथ सुटा करून दाखवला. मी पिकअप ट्रक घेतो, इतकंच.

अमेरिकेत १९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन येऊ लागलं. (कमिन्स हे नाव पुणेकरांना सांगायला नको.) तिकडचे हौशी लोक हे इंजिन फोर्डच्या जुन्या पिकअपमध्ये बसवतात. या संकराला 'फमिन्स' असं गमतीदार नावही आहे. आता गिअरबॉक्सही डॉजचा घेतला, तर पॅडल आणि मास्टर सिलिंडर फोर्डचे, आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर डॉजचा. मधे एक नळी आणि तेल. नळीची टोकं जुळवून घेता येतात. माणूस म्हणतो, जमलं! इथेच फसगत होते.

पास्कल आम्हाला माहीत असतो तो ईश्वरावर पैज लावणारा. पण द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ १६६३ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे त्यातलं सूत्र. म्हणून बारीक पिस्टननं जाड पिस्टन हलवला तर जोर वाढतो. पण अंतर त्याच प्रमाणात घटतं. फुकट काही मिळत नाही.

आकडे घेऊ. हे कुठल्या एका गाडीचे नाहीत, समजण्यासाठी आहेत. पाय १५० मिलिमीटर दाबला, पॅडलचं प्रमाण सहास एक, तर मास्टरचा पिस्टन २५ मिलिमीटर सरकतो. मास्टरचा व्यास पाऊण इंच आणि स्लेव्हचा सात-अष्टमांश इंच असेल, तर स्लेव्ह सुमारे १८ मिलिमीटर सरकेल. आता स्लेव्ह एक इंचाचा लावा. फरक दिसायला एक-अष्टमांश इंच, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, बरं का! सरकणं १४ वर येतं. क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला गिअर टाकताना करकर होते, आणि सिंक्रोनायझर झिजत जातो. मेकॅनिक दिवसभर एअर काढत बसतो, आणि तेलात हवा नसतेच.

मास्टर सात-अष्टमांशाचा केला, तर स्लेव्ह पुन्हा १९ च्या आसपास सरकतो. पण त्या १४ वाल्या जोडीपेक्षा पॅडल जड होतं. त्यात डिझेलच्या ओढीसाठी कडक प्रेशर प्लेट घातलेली असेल, तर रहदारीत डावा पाय बोलायला लागतो. उलट बाजूनं, सरकणं जास्त झालं तर डायफ्रामच्या पाकळ्या वाजवीपेक्षा आत दबतात. तिथे पॅडलखाली अटकाव लावावा लागतो.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. क्लच प्लेट झिजते तशा प्रेशर प्लेटच्या पाकळ्या गिअरबॉक्सच्या दिशेनं मागे येतात आणि स्लेव्हच्या पिस्टनला आत ढकलतात. नवी प्लेट बसवताना पिस्टन आधीच तळाला टेकलेला असेल, तर झिजेला जागाच उरत नाही. मग बेअरिंग पाकळ्यांवर दाबलेलं राहतं, आणि चढावर भरलेल्या ट्रकचा क्लच घसरायला लागतो. म्हणून फ्लायव्हीलची खोली, पाकळ्यांची उंची, बेअरिंगची लांबी हे सगळं गिअरबॉक्स वर चढवण्याआधी मोजायचं.

स्वतः क्लच प्लेटचं पाहा. बाहेरून ती फ्लायव्हीलच्या मापाची हवी, आतून गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांची. ती इंजिनाची की गिअरबॉक्सची? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. ती संबंधाची आहे. नैयायिक मला अडवतील, अडवू देत.

एक चिठ्ठी आली आहे: "तेल कुठलंही चालेल का?" नाही. ब्रेक फ्लुइडवर चालणाऱ्या सिलिंडरात खनिज तेल घातलं तर त्यातली रबरी सीलं फुगतात. मास्टरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा, आणि स्लेव्हचंही तेच आहे ना, हे बघा. दोन्हींचं वेगळं निघालं तर त्यातला एक सिलिंडर बदलावाच लागेल.