तंबोऱ्याच्या गावची वर्गणी

रमजानचे पहिले आठ-दहा रोजे झाले की मुस्लिम घरांत हिशोबाची वही निघते. वर्षभर जवळ राहिलेली रोकड, सोने-चांदी, दुकानातला माल यांची बेरीज करायची, देणे वजा करायचे आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक असेल तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, जकात म्हणून बाजूला काढायचा. ईदच्या नमाजाआधी माणशी फितरा द्यायचा तो वेगळा. शिवाय सदका असतोच. त्याला ना ठरलेला दर, ना ठरलेली तारीख. गणपतीच्या दिवसांत पावतीपुस्तक घेऊन येणारी मुले जशी सगळ्या गल्लीच्या ओळखीची, तसे या महिन्यात मदरशाचे, यतीमखान्याचे, दवाखान्याचे प्रतिनिधी ओळखीचे असतात.

हा पैसा विधवेला, आजाऱ्याला, फी थकलेल्या विद्यार्थ्याला जातो. तो तिथेच जायला हवा. पण गावातले एखादे जुने हस्तलिखित, एखाद्या म्हाताऱ्या कारागिराच्या हातातली विद्या, एखाद्या उरुसात रात्रभर चाललेल्या गाण्याची जुनी ध्वनिफीत यांच्यासाठी पैसा कुठून यायचा? हे काम सहसा थोडक्या रकमेत होते आणि त्या थोडक्या रकमेवाचूनच राहून जाते. पूर्वी हा पैसा कसा यायचा, हे पाहायला सांगली जिल्ह्यातल्या मिरजेइतके चांगले गाव सापडणार नाही.

मिरजेची सतारमेकर गल्ली आज देशभरातल्या गवयांना ठाऊक आहे. या धंद्याचा मूळपुरुष म्हणून फरीदसाहेबांचे नाव घेतले जाते. घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी-कट्यारींना धार लावणाऱ्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संस्थानांच्या लढाया संपल्या आणि धारेचे कामही आटले. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गाण्याची आवड होती, दरबारात वाद्ये होती आणि ती नादुरुस्तही होत. शिकलगारांच्या हातांना बारीक कामाची सवय होतीच. दुरुस्ती करता करता ते नवी वाद्ये घडवू लागले. राजाने कुठली मोठी संस्था काढली नाही. दुरुस्तीची कामे दिली, त्यांचे दाम दिले, एवढेच. तेवढ्यावर एक पेठ उभी राहिली.

त्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी शिकवली. फटाक्याने डोळे अधू झालेला कुरुंदवाडचा एक मुलगा उपचारासाठी मिरजेला आला आणि संस्थानिकांच्या आश्रयाने बुवांकडे शिकू लागला. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्या, जलशांची तिकिटे आणि विद्यार्थ्यांची फी यांवर संगीताची शाळा चालवण्याचा हा मोठा प्रयोग होता. पुढे मुंबईत शाखा निघाली, मोठ्या इमारतीसाठी मोठे कर्ज काढले गेले आणि ती इमारत शेवटी सावकारांच्या देण्यापायी गेली. शाळेचे काम मात्र शिष्यांनी गावोगावी छोटे वर्ग काढून चालू ठेवले. गुरुजींच्या गाण्याइतकाच हा हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे कैरान्याचे. मिरजेत ते प्लेगने आजारी पडले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केल्यावर बरे झाले, असे गावात सांगतात. पुढे ते इथलेच झाले. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. तिथे शिष्यांच्या राहण्या-जेवणाची सोय होती आणि तिचा खर्च बहुतांशी जलशांच्या उत्पन्नातून निघे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ श्रुतींचा अभ्यास करत होते. त्यांना श्रुती गाऊन दाखवल्या त्या खाँसाहेबांनी. एक पेन्शनर ब्राह्मण, एक मुसलमान गवई, आणि कामाचे मोल म्हणाल तर एकमेकांना दिलेला वेळ. अशा कामाला आज ‘संशोधन प्रकल्प’ म्हणतात आणि त्यासाठी अर्ज तीन प्रतींत मागतात.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात एका छोट्या रेल्वे स्टेशनवर खाँसाहेबांचा अंत झाला. दफन मिरजेत, दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाण्याची सभा भरू लागली. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर तिथे गात. किराणा घराण्यातलेच नव्हे, इतर घराण्यांचे गवईही चिंचेच्या झाडाजवळ बसून गाऊन जात. बिदागी विचारायची नाही, ही हजेरी आहे, असा रिवाज. याच उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. गावातल्या अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव होतो, तिथेही तंबोरा मिरजेचाच लागतो. कलाकार पैसे घेत नाहीत याचा अर्थ खर्च नसतो असा नाही. मांडव, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांची जेवणे, परगावच्या साथीदारांचे भाडे, हे सगळे कुणीतरी भरतेच. हे भरणाऱ्यांची यादी कुठे छापलेली नसते.

आता गल्लीत काय चालले आहे ते पाहा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकलेला मोठा कडू भोपळा वाळवून आणायचा, त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडायची, वर तबली बसवायची, खुंट्या लावायच्या, नक्षी आणि पॉलिश करायचे. इथपर्यंत पाहणाऱ्याला कळते. खरी विद्या त्यानंतरची, जवारीची. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसेने, मग बारीक कागदाने घासत इतका किंचित उतरता करायचा की तार नुसती टेकून न राहता तिच्यावर हलकेच घासत राहावी. तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. ती सापडली की तंबोरा बोलू लागतो. एक-दोन घास जास्त पडले तर आवाज बसतो आणि घोडी पुन्हा पहिल्यापासून घासावी लागते. तारांनी खाचा पडल्या की जवारी नव्याने काढावी लागते, म्हणून गवई आपला तंबोरा घेऊन मिरजेला पुन्हा पुन्हा येतात. ही विद्या कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. ती कानात आणि मनगटात असते, आणि माणूस गेला की जाते.

गेल्या चाळीसेक वर्षांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता तर तो मोबाइलमध्येच मिळतो. रियाजाला तो पुरतो. कारागिराच्या घरातला मुलगा हे पाहतो आणि दुसरा धंदा शोधतो, यात त्याची चूक नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होईल. जवारी काढणारा पुढचा हात तयार करणे हे त्या प्रमाणपत्राचे काम नव्हे.

सरकारी योजनांचे एक गंमतशीर उदाहरण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आहे. रक्कम छोटी आणि नेमकी, कल्पना उत्तम. यादीत सुतार, लोहार, चांभार, न्हावी, शिंपी आहेत. शस्त्रे बनवणारेही आहेत. वाद्ये बनवणारे नाहीत. म्हणजे फरीदसाहेबांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी तलवारीचे काम सोडले नसते, तर त्यांच्या वंशजांचा अर्ज सरळ बसला असता. सुतार म्हणून नोंद करता येईलही, पण मग वाद्य कुठे राहिले?

मोठ्या अनुदानाची अडचण रकमेपेक्षा कागदांत आहे. नोंदणीकृत संस्था हवी, मागच्या काही वर्षांचा ताळेबंद हवा, प्रस्ताव लिहिणारा हवा. कारागिराकडे यांतले काही नसते. त्याला हवे असते ते वेगळे: वर्षभर एका शिकाऊ मुलाचे विद्यावेतन, जवारी काढताना हात दिसेल असे चित्रीकरण, घरातल्या जुन्या ध्वनिफितींची बुरशी लागण्याआधी केलेली नक्कल, वाडवडिलांनी लिहून ठेवलेल्या मापांच्या वहीचे फोटो. यांतले प्रत्येक काम एखाद्या लग्नाच्या मांडवखर्चापेक्षा कमी पैशांत होते.

मग या कामासाठी रमजानचा पैसा चालेल का? इथे नेमके असायला हवे, कारण भावनेच्या भरात घोळ होतो. जकात कोणाला द्यायची हे कुरआनने ठरवून दिले आहे. त्याचे आठ प्रकार आहेत. हनफी मताप्रमाणे, आणि घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी आहेत, जकात गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून त्या पैशातून मशीद बांधता येत नाही, तशी ध्वनिफितींची नक्कलही करता येत नाही. मात्र अडचणीतल्या कारागिराला जकात देता येते, आणि त्याने त्यातून कानस घ्यावी की किराणा, हे त्याचे त्याने ठरवायचे. बाकीच्या कामांना सदका आहे आणि वक्फ आहे. हजरत उमर यांना खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली तेव्हा पैगंबरांनी सल्ला दिला तो असा की मूळ राखून ठेवावे आणि उत्पन्न दान करावे. तुर्कस्तानच्या उस्मानी राज्यात तर रोख रकमेचेही वक्फ होत. मुद्दल तसेच ठेवायचे, येणारे उत्पन्न ठरलेल्या कामावर खर्चायचे. त्यावर त्या काळीही वाद झाला होता. आपल्याकडे संगीताबद्दलही उलेमांत मतभेद आहेत आणि काही घरे गाण्यासाठी पैसा देणार नाहीत. त्यांनी मापांच्या वहीसाठी द्यावा. वही जपण्याबद्दल कुणाचा मतभेद असल्याचे ऐकिवात नाही.

पावतीपुस्तकाचा अनुभव मात्र दोन्ही समाजांकडे आहे. गणपती मंडळाचा खजिनदार आणि मशिदीचा मुतवल्ली, दोघांनाही ठाऊक असते की पाचशे रुपये देणारा माणूस हिशोब विचारतो आणि पाच हजार देणारा फोटो मागतो. दर्ग्याच्या सभेचा आणि अंबाबाईच्या महोत्सवाचा मांडव वर्षानुवर्षे अशा माणसांनीच उभा केला. त्यांनीच दोन-चार जणांची समिती करून दरवर्षी एकच काम हाती घ्यावे, त्याची रक्कम आधी फळ्यावर लिहावी आणि काम झाल्यावर खर्च त्याच फळ्यावर लिहावा. पहिल्या वर्षी शिकाऊ मुलगा घ्यायचा की ध्वनिफिती, यावर भांडण होईल. ध्वनिफितींना थांबवता येणार नाही. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, आणि यंदा ईदनंतर पावसाळ्याला फार महिने उरत नाहीत.