टोमॅटोची सावली काळी नसते

टोमॅटोचा रंग ओळखायला नारायणगावच्या बाजारात कुणाला चित्रकला शिकावी लागत नाही. क्रेटमध्ये नुसतं डोकावून माल किती दिवस तग धरेल ते व्यापारी सांगतो. तोच टोमॅटो इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्रात आला की मात्र मुलं लाल बाटली उघडतात, सावलीसाठी त्यात काळा कालवतात, आणि फळ बघता बघता सडकं दिसू लागतं. हात बरा असतो, पाठ केलेली वाक्यं नडतात.

गैरसमज : लाल, पिवळा, निळा यांपासून सगळे रंग होतात.

कामचलाऊ म्हणून ठीक आहे. पण स्कार्लेट आणि अल्ट्रामरीन मिसळून वांगं रंगवायला जा, हाती चिखल येतो. स्कार्लेट नारिंगीकडे झुकलेला, म्हणजे त्याच्या पोटात पिवळा दडलेला. आणि पिवळा हा जांभळ्याचा विरोधी रंग. त्याऐवजी गुलाबीकडे झुकणारा क्रिमसन घेतला तर जांभळा बराच स्वच्छ उतरतो. छपाईवाल्यांना हे केव्हाच उमगलं आहे. मंचरच्या चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्यावरचा लालभडक फेटा छापायला वेगळी लाल शाई सहसा लागत नाही. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी एवढ्यावर भागतं. मॅजेंटावर पिवळी चढली की लाल, सायनवर पिवळी चढली की हिरवा. मिसळून होत नाही म्हणून शाळेत ज्याला ‘प्राथमिक’ म्हटलं, तो लाल असा मिसळूनच होतो. अर्थात या शायांनाही सगळे रंग साधत नाहीत. विद्यार्थ्याने दोन लाल, दोन पिवळे, दोन निळे जवळ ठेवावेत आणि प्रत्येक कुठे झुकतो ते ओळखावं, हे उत्तम.

गैरसमज : गडद करायचं तर काळा घालायचा.

झेंडूच्या पिवळ्यात थेंबभर काळा टाकून पाहा. गडद पिवळा मिळत नाही, शेवाळी हिरवा मिळतो. पिवळा काळवंडला की आपल्या डोळ्याला तो हिरवटच भासतो, त्यातून बाजारातले बरेच काळे रंग निळसर अंगाचे असतात. झेंडूच्या सावलीला बर्न्ट सिएना किंवा किंचित जांभळा चालतो, टोमॅटोच्या सावलीला थोडा हिरवा. आणि उघड्यावर ठेवलेल्या टोमॅटोची जमिनीवरची सावली तर नीट बघाच. तिथे सूर्य पोचत नाही, पण आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून ती निळसर असते. शेजारी निळा क्रेट असला तर विचारूच नका.

गैरसमज : रंग वस्तूत असतो.

तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या नारायणगावात तरी हा गैरसमज टिकायला नको होता. लाल शालूवर निव्वळ हिरवा झोत पडला की शालू काळपट दिसतो. लाल कापड परतवणार ते लाल किरण, आणि झोतात तेच नाहीत. पांढऱ्या पडद्यावर लाल आणि हिरवा झोत एकमेकांवर आले तर पिवळा दिसतो, बाटलीतले लाल-हिरवे कालवले तर तपकिरी होतो. प्रकाश मिसळला की भर पडते, रंगद्रव्य मिसळलं की प्रत्येक जण आपल्या वाट्याचा प्रकाश गिळतो. वर्गात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते, आणि मग ‘सात रंग मिसळले की पांढरा’ हे न्यूटनचं म्हणणं पटवायला एखादा बिचारा अख्खी पेटी कालवून बसतो.

उजेडाइतकाच शेजारही रंग बदलतो. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्रल यांच्याकडे काळी लोकर फिकी पडते अशी तक्रार आली. तपासलं तर लोकर चांगली होती. विणताना तिच्या शेजारी आलेले रंग तिचा काळेपणा मारत होते. १८३९ साली त्यांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्याला एक राखाडी चिठोरा पुरे : लाल कागदावर ठेवला तर हिरवट वाटतो, हिरव्यावर ठेवला तर तांबूस.

रंग डोळ्यापुरताच असतो, याचा दाखलाही जवळच आहे. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत, आसपासच्या परिसरात मिळून ३०. त्या पकडतात रेडिओ लहरी. डोळ्याला दिसतो तो प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, या लहरी त्याच्या लाखो पट लांब. त्यांना रंग कुठला? त्या निरीक्षणांच्या चित्रांतले लाल-निळे शास्त्रज्ञांनी सोयीने निवडलेले असतात.

गैरसमज : निळा थंड, लाल उष्ण.

हा मनाचा संकेत आहे, तापमान नव्हे. निळसर तारे तांबूस ताऱ्यांपेक्षा जास्त तापलेले असतात. लांबून शिवनेरी निळा दिसतो, तोही थंडपणामुळे नाही. मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. पावसाने धूळ धुतली की तोच किल्ला जवळ सरकल्यासारखा वाटतो.

गैरसमज : झाडपाल्याचा रंग फिकाच.

हे जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात कुणी म्हणू नये. तिथले आदिवासी बाळहिरडा गोळा करून वाळवतात आणि विकतात. आपल्याला हिरडा ठाऊक तो पोटासाठी. रंगाऱ्याला तो ठाऊक टॅनिनसाठी. हिरड्याच्या काढ्यात भिजवलेल्या कापडाला तुरटी भेटली की पिवळी छटा येते, लोखंड भेटलं की काळी. कलमकारीवाले कापड आधी हिरडा आणि दुधात भिजवतात, मग गूळ-लोखंडाच्या आंबवलेल्या पाण्याने रेघा ओढतात. हळदीचंही तसंच, चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना कुणी रसायनशास्त्रात शिकवलं नव्हतं.

वर्गात करून पाहायला सोपं आहे. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात दोनेक आठवडे मुरू द्या. सुती चिंधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवा. बांबूच्या काडीला टोक काढा, ते गुळाच्या पाण्यात बुडवा आणि चिंधीवर रेघ ओढा. आधी राखाडी उमटेल. हवा लागेल तशी काळी होत जाईल.